पाठ शिसवीची, आवाज कुणाचा?

अकूस्टिक गिटार विकत घ्यायला निघालेल्या माणसाच्या कानावर सुरुवातीलाच दोन शब्द पडतात, रोझवूड आणि महोगनी. त्यांच्यासोबत एक ठरलेले वर्णनही येते. रोझवूडचा आवाज भरदार, खर्ज खोल, वरच्या स्वरांना चकाकी, मधला पट्टा थोडा मागे सरकलेला, आणि तार छेडून झाल्यावरही रेंगाळणारी लांब आस. महोगनीचा आवाज त्या मानाने कोरडा, मधल्या सप्तकात ठाम, एकेक स्वर सुटा आणि नेमका. हे वर्णन इतक्या वर्षांपासून आणि इतक्या जाणकारांच्या तोंडून येत आले आहे की त्यात तथ्य नाही असे म्हणणे धाडसाचे ठरेल, आणि मीही तसे म्हणणार नाही. ही दोन लाकडे खरोखरच वेगळी आहेत. मात्र गिटारच्या पाठीला आणि बाजूंना ती लावली की त्या वेगळेपणाचा फार थोडा अंश ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत पोचतो, आणि ज्याला आपण ‘रोझवूडचा टोन’ म्हणतो त्याचा मोठा वाटा गिटारच्या घडणीतून, तिच्या किमतीतून आणि लाकडाच्या नावाने आधीच तयार झालेल्या अपेक्षेतून येतो, असे उपलब्ध पुरावे पाहून माझे मत झाले आहे. ते पुरावे कोणते, त्यांची ताकद किती आणि त्यांच्यावर काय आक्षेप घेता येतात, हे इथे पाहायचे आहे.

आधी लाकडांविषयी. रोझवूड म्हणजे डाल्बर्जिया वंशातली झाडे. त्यातले भारतीय रोझवूड आपल्याला अजिबात परके नाही. ती आपली शिसव. जुन्या वाड्यांतले शिसवी पलंग, देव्हारे आणि कपाटे ज्या काळसर, जांभळट झाक असलेल्या लाकडाची असत, तेच लाकूड आज जगभरातल्या गिटारांच्या पाठीला लागते. महोगनी ही मूळची अमेरिका खंडातली, स्विटेनिया वंशातली. तिच्या कुळातला एक भारतीय नातेवाईकही आपल्या संगीतात आहे. सतार-तंबोऱ्यांसाठी वापरला जाणारा तून त्याच मेलिएसी कुळातला. भारतीय शिसवीचे वजन घनमीटरला साधारण 830 किलो भरते, होंडुरासच्या महोगनीचे 590 च्या आसपास. म्हणजे एकाच मापाच्या दोन फळ्या घेतल्या तर शिसवीची फळी सुमारे चाळीस टक्क्यांनी जड. दुसरा फरक अधिक महत्त्वाचा. शिसवीची पातळ फळी दोन बोटांत सैल धरून टिचकी मारली तर ती भांड्यासारखी खणखणते आणि नाद बराच वेळ टिकतो. महोगनीच्या फळीचा आवाज त्या मानाने लवकर विझतो. लाकडात शिरलेली कंपने आतल्या आत किती वेगाने जिरतात, त्यावर हे अवलंबून आहे आणि रोझवूडमध्ये ती सावकाश जिरतात. मरिम्बा आणि झायलोफोन या वाद्यांच्या लाकडी पट्ट्या रोझवूडच्या करतात त्या याच गुणासाठी. तिथे लाकूड हेच वाद्य असते, काठीचा घाव थेट त्याच्यावर पडतो. गिटारमध्ये तसे नसते, आणि सगळा प्रश्न इथूनच सुरू होतो.

गिटारची तार स्वतः जवळजवळ काहीच आवाज करत नाही. इतकी बारीक वस्तू हवेला पुरेशी ढकलू शकत नाही. तारेची कंपने ब्रिजमधून, म्हणजे आपल्या सतारीच्या भाषेत घोडीतून, पुढच्या फळीत उतरतात. ही फळी बहुतेक गिटारांत स्प्रूसची असते, जेमतेम तीन मिलिमीटर जाड, वजनाने हलकी आणि रेषांच्या दिशेने ताठ. सतारीची तबली जे काम करते तेच ही करते, आणि गिटारचा बहुतांश आवाज तिच्यातून आणि तिच्यामुळे हलणाऱ्या पोटातल्या हवेतून येतो. त्या हवेचा स्वतःचा अनुनाद साधारण 100 हर्ट्झच्या आसपास असतो, पुढच्या फळीचा मुख्य अनुनाद त्याच्या दुपटीच्या जवळपास. सर्वांत जाड तारेचा खुला स्वर 82 हर्ट्झचा असतो. म्हणजे खर्जाचा भरदारपणा प्रामुख्याने हवेचे पोट आणि पुढची फळी मिळून ठरवतात. पाठीच्या फळीला कंपने मिळतात ती आतल्या हवेतून आणि बाजूंमधून, म्हणजे वळसा घालून. तिचाही एक अनुनाद पुढच्या फळीच्या अनुनादाच्या शेजारीच असतो. दोन्ही जवळ आले तर त्यांची एकमेकांशी देवाणघेवाण होते आणि खालच्या पट्ट्यातल्या एखाद-दुसऱ्या स्वराचा पोत बदलतो. हा परिणाम खरा आहे, तो मोजता येतो. पण तो कुठे पडेल हे पाठीची जाडी, तिचा बाक आणि आतून चिकटवलेल्या आडव्या पट्ट्या ठरवतात, आणि या तिन्ही गोष्टी कारागिराच्या हातात असतात. महोगनीची पाठ थोडी जाड ठेवून किंवा शिसवीची थोडी तासून तो दोन लाकडांमधले अंतर बरेचसे मिटवू शकतो. खणखणणाऱ्या मोकळ्या फळीचेही असेच होते. तिच्या कडा सरसाने जखडल्या, पाठीवर पट्ट्या बसवल्या, आणि वाजवणाऱ्याने ती पोटाशी धरली की त्या टिचकीच्या नादातले फारसे उरत नाही. टिचकीत ऐकलेला गुण फळीचा होता. वाद्य झाल्यावर त्या फळीला इतके बांधलेले असते की त्या गुणाला मोकळीकच मिळत नाही.

हा झाला तर्क, आणि वाद्यांच्या बाबतीत निव्वळ तर्कावर विसंबू नये. सुदैवाने या प्रश्नावर प्रत्यक्ष पुरावेही आहेत. त्यांतला सर्वांत जुना स्पेनमधला. आधुनिक गिटारचा आराखडा ज्याने घालून दिला त्या आंतोनियो दे तोरेसने 1862 मध्ये एक गिटार केली. तिची पुढची फळी स्प्रूसची, पाठ आणि बाजू मात्र पुठ्ठ्याच्या. आवाजाचे मर्म पुढच्या फळीत असते हे त्याला दाखवायचे होते, असे मानले जाते. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. शंभर वर्षांनी, 1966 मध्ये, हेलिकॉप्टर बनवणाऱ्या चार्ल्स कामनच्या ओव्हेशन कंपनीने पाठीला लाकूडच न वापरता काचतंतूंची गोल पाठ बसवली, आणि त्या गिटारी दशकानुदशके मंचांवर वाजल्या. 1995 मध्ये कॅलिफोर्नियातल्या गिटारनिर्मात्या बॉब टेलरने माल वाहण्याच्या टाकाऊ ओक पॅलेटच्या फळ्यांपासून पाठ आणि बाजू केल्या, पुढची फळी बांधकामाच्या एका साध्या वाशातून काढली, आणि तयार झालेली गिटार उत्तम वाजली. या तिन्ही उदाहरणांचे वजन मी मर्यादितच धरतो. एकेका गिटारवरून एवढेच सिद्ध होते की चांगल्या आवाजासाठी महाग लाकूड अपरिहार्य नाही. पुठ्ठा आणि शिसव यांत फरकच नाही असे त्यातून निघत नाही, आणि ओव्हेशनचा आवाज अनेकांना वेगळा ओळखू येतो हेही खरे आहे. तिथे मात्र पाठीच्या साहित्याबरोबर पोटाचा आकारही बदललेला असतो.

नेमक्या प्रश्नाला हात घालणारा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या सॅम्युएल कार्काग्नो आणि क्रिस्टोफर प्लॅक यांनी गिटार कारागीर रॉजर बकनॉल, केंब्रिजचे ध्वनिशास्त्रज्ञ जिम वुडहाउस आणि व्हायोलिनवरील डोळे झाकून घेतलेल्या चाचण्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या क्लॉडिया फ्रिट्झ यांच्यासह तो केला. बकनॉल यांनी सहा गिटारी घडवल्या. आराखडा, माप आणि पुढची फळी शक्य तितकी सारखी. पाठ आणि बाजू तेवढ्या वेगवेगळ्या लाकडांच्या. त्यात ब्राझिलियन रोझवूड होते, भारतीय रोझवूड होते, महोगनी होती, शिवाय मेपल, सापेली आणि अक्रोड. या लाकडांच्या किमतींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. 52 गिटारवादकांनी अंधूक उजेडात, वेल्डरचे काळे चष्मे लावून त्या वाजवल्या आणि गुण दिले. सहाही गिटारींना मिळालेले गुण जवळजवळ सारखे निघाले. त्यांतल्या काही वादकांची ओळखण्याची चाचणीही घेतली. दोन गिटारींपैकी तिसऱ्यांदा वाजवलेली कोणती हे सांगायचे होते, आणि ते त्यांना सहज जमले नाही. उपकरणांनी मोजल्यावर खालच्या अनुनादांमध्ये लहानसे फरक दिसले, तेवढेच. मला या अभ्यासात सर्वांत मोलाची वाटते ती गिटारी घडवण्यातली शिस्त. एकाच हाताने, एकाच आराखड्यावर, फक्त पाठ बदलून सहा वाद्ये करणे हे खर्चिक आणि चिकाटीचे काम आहे, आणि ते केल्याशिवाय लाकडाचा परिणाम बाकीच्या दहा गोष्टींपासून वेगळा काढता येत नाही. दुकानात शेजारी टांगलेल्या दोन गिटारींची तुलना करताना आपण नेमके हेच विसरतो.

या अभ्यासावर तीन आक्षेप घेता येतात आणि तिन्ही गंभीर आहेत. पहिला, प्रत्येक लाकडाची एकच गिटार होती. एखादी फळी तिच्या जातीच्या मानाने वेगळी निघाली असेल तर निष्कर्ष डळमळेल. हे मान्य करावेच लागते. पण याच आक्षेपाची दुसरी बाजूही पाहायला हवी. एकाच जातीच्या दोन फळ्यांत एवढा फरक पडत असेल तर ‘रोझवूडचा आवाज’ असे सरसकट बोलण्यालाच आधार उरत नाही. दुसरा आक्षेप असा की फरक ओळखता आला नाही म्हणजे फरक नाही असे नव्हे. काही मिनिटे वाजवून जे कळत नाही ते वर्षभराच्या सहवासाने कळू शकते. यातही तथ्य आहे. वाद्याची ओळख हळूहळू होते, तंबोऱ्याची जवारी कुठे किंचित उतरली हे त्याच्यासोबत रोज बसणाऱ्यालाच जाणवते. मात्र लोकप्रिय वर्णन इतक्या सूक्ष्म फरकाविषयी बोलत नाही. रोझवूडचा खर्ज खोल आणि महोगनीचा मधला पट्टा ठाम, हे दुकानात पहिल्या झंकाराला ऐकू येते असा त्याचा दावा असतो, आणि तो दावा डोळे झाकल्यावर टिकला नाही. तिसरा आक्षेप कारागिरांचा आहे. त्यांच्यापैकी अनेकांनी आयुष्यभर दोन्ही लाकडे हाताळलेली असतात आणि फरक आहे असे ते शपथेवर सांगतात. त्यांचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे मुळीच नाही. पण ते ज्या दोन गिटारींची तुलना करतात त्या लाकडाप्रमाणे वेगळ्या घडवलेल्या असतात. जड लाकूड पाहून कारागीर जाडी बदलतो, पट्ट्या बदलतो, कधी पुढची फळीही वेगळी निवडतो. अनुभव खरा असतो, त्याचे श्रेय मात्र एकट्या लाकडाच्या खात्यावर जमा होते.

हे श्रेय असे जमा व्हायला इतिहासही कारणीभूत आहे. रोझवूड आणि महोगनीच्या तुलनेचे मूळ जवळजवळ एकाच कारखान्यात सापडते. 1833 पासून गिटारी करणाऱ्या अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीकडे नमुन्यांना अंक असत. 28 हा अंक रोझवूडचा. 18 हा अंकही आधी रोझवूडचाच होता, 1917 च्या सुमारास तो महोगनीवर गेला. पुढे 1931 पासून मोठ्या आकाराच्या ड्रेडनॉट गिटारी डी-18 आणि डी-28 या नावांनी बाजारात आल्या आणि आजवर चालू आहेत. पण या दोन नमुन्यांत लाकूड हा एकच फरक कधीही नव्हता. डी-28 महाग होती, तिची कड हेरिंगबोनच्या नक्षीने सजलेली असे, आणि तिच्याभोवती वरच्या दर्जाचे वलय होते. डी-18 तिची साधी, स्वस्त बहीण. गेल्या नव्वद वर्षांत जे वर्णन घडत गेले त्यात ‘महाग म्हणून समृद्ध’ आणि ‘स्वस्त म्हणून साधा’ या भावना कुठे संपतात आणि कानाने ऐकलेले कुठे सुरू होते, हे वेगळे करता येत नाही.

ब्राझिलियन रोझवूडच्या दंतकथेत हा घोटाळा आणखी ठळक दिसतो. ब्राझीलने ओंडके बाहेर पाठवण्यावर बंधने आणल्यावर 1969 च्या सुमारास मार्टिनने भारतीय शिसव वापरायला सुरुवात केली. तेव्हापासून जुन्या ब्राझिलियन डी-28 चा आवाज पुन्हा होणे नाही असे मानले जाते आणि त्या गिटारींच्या किमती आकाशाला भिडल्या आहेत. पण दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या ज्या गिटारींची ही कीर्ती आहे त्यांच्या पुढच्या फळीखालच्या पट्ट्या कोरून हलक्या केलेल्या असत, आणि ही पद्धत कंपनीने 1944 च्या अखेरीस सोडून दिली होती. त्यानंतर चोवीस-पंचवीस वर्षे पाठ ब्राझिलियनच राहिली, तरी त्या गिटारींना युद्धपूर्व गिटारींची कीर्ती लाभली नाही. उलट 1976 मध्ये एचडी-28 हा नमुना कोरीव पट्ट्यांसह आणि भारतीय शिसवीच्या पाठीसह आला, आणि हरवलेला आवाज परत आला असे म्हणत वादकांनी तो उचलून धरला. लाकूड तेच आणि पट्ट्या बदलल्या, तेव्हा आवाज बदलला. पट्ट्या परत आल्या आणि लाकूड बदलले, तेव्हा आवाज परत आला. हा प्रयोगशाळेतला पुरावा नव्हे, पण मला तो फार बोलका वाटतो.

वादकांकडे पाहिले तरी वर्णन जागोजाग सुटते. सुटे, नेमके स्वर हवेत म्हणून एकल वादनाला महोगनी आणि बँजोच्या गदारोळात साथ पुरायला हवी म्हणून रोझवूड, असे ब्लूग्रास या अमेरिकी लोकसंगीताच्या शैलीत सांगितले जाते. पण त्या शैलीतला सर्वांत झपाट्याचा आणि स्वच्छ एकल वादक म्हणून ज्याचे नाव घेतात त्या टोनी राइसने बहुतांश कारकिर्दीत 1935 ची रोझवूडची डी-28 वाजवली. डॉक वॉटसनची गॅलाघर गिटार महोगनीची होती आणि तिच्यावर तो गाण्याला भरगच्च साथही करीत असे. कर्ट कोबेनने 1993 च्या एमटीव्हीच्या अनप्लग्ड कार्यक्रमात वाजवलेली गिटारही महोगनीची, डी-18ई. या नावांनी काही सिद्ध होत नाही हे मला मान्य आहे. पण हातातल्या वळणाने आणि नखीच्या कोनाने लाकडाचा नियम इतक्या सहज मोडत असेल, तर तो नियम म्हणून शिकवू नये.

मग लाकडाला काहीच अर्थ नाही का? आहे, आणि तो कुठे आहे हे नीट सांगायला हवे. पुढची फळी महोगनीची असेल तर आवाज खरोखर बदलतो, कारण आवाज काढणारा पृष्ठभागच बदलतो. पूर्ण महोगनीच्या गिटारींचा तो थोडा दबलेला, लवकर विझणारा स्वर अनेकांच्या मनात बसलेला असतो आणि तोच नकळत ‘महोगनीची पाठ’ या शब्दांना चिकटतो. वजनातही फरक पडतो. पाठ आणि बाजू मिळून शिसवीची गिटार दीड-दोनशे ग्रॅमनी जड होते. जड कडा पुढच्या फळीला अधिक घट्ट आधार देतात आणि तिची शक्ती कमी गळते, असा काही कारागिरांचा युक्तिवाद आहे व भौतिकशास्त्राशी तो सुसंगत आहे. तबल्याचे खोड जड असावे असे आपले कारागीर मानतात त्यामागेही असाच विचार असणार. दमट हवेत महोगनी कमी फुगते आणि कमी आकसते, शिसवीला रेषेवर चीर जाण्याचा धोका अधिक. कोकणात किंवा मुंबईत भर पावसाळ्यात अखंड लाकडाची गिटार सांभाळणाऱ्याला हा फरक टोनच्या चर्चेपेक्षा जास्त उपयोगाचा आहे. आणि आपल्या बाजारातल्या स्वस्त गिटारींवर ‘रोझवूड’ लिहिलेले असते तेव्हा बहुधा प्लायवर चढवलेला शिसवीचा एक पातळ पापुद्रा असतो. तिथे आवाजाच्या नावाने लाकडाचे पैसे मोजणे ही शुद्ध फसगत आहे.

या सगळ्याला एक बाजू अशी आहे जिच्यामुळे हा वाद निव्वळ हौशी राहत नाही. ब्राझिलियन रोझवूड 1992 पासून संकटग्रस्त जीवांच्या व्यापारावरच्या साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार जवळजवळ बंद. अमेरिकेतली मोठ्या पानांची महोगनी 2003 पासून दुसऱ्या परिशिष्टात आली. 2017 च्या जानेवारीत उरलेला संपूर्ण डाल्बर्जिया वंशच दुसऱ्या परिशिष्टात गेला, आपल्या शिसवीसकट. गिटारी देशाबाहेर पाठवणाऱ्या कारखान्यांना प्रत्येक वाद्यामागे कागदपत्रे करावी लागू लागली, आणि 2019 मध्ये तयार वाद्यांना सूट मिळेपर्यंत ते चालले. सूट वाद्यांना मिळाली, झाडावरचा ताण त्याने गेला नाही. भारतीय शिसवीची गणना आजही असुरक्षित जातींमध्ये होते. गिटारांसाठी तुटणारे लाकूड फर्निचरच्या मानाने थोडे आहे, हा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो योग्यही आहे. पण फर्निचरवाला निदान लाकडाच्या देखणेपणाचे आणि टिकाऊपणाचे पैसे घेतो, आणि ते गुण डोळ्यांना दिसतात. गिटारवाला आवाजाचे पैसे घेतो, तेव्हा तो आवाज डोळे झाकून ऐकू यायला हवा.

माझे म्हणणे खोडून काढायचे असेल तर काय करावे लागेल हेही सांगता येते. दोन लाकडांच्या निदान पाच-पाच गिटारी, दोन-तीन कारागिरांकडून, एकाच आराखड्यावर. त्या वादकांच्या घरी महिनाभर राहाव्यात, पाठीवर एकसारखा काळा रंग असावा, वजनातला फरक आत शिसे लावून भरून काढलेला असावा, आणि महिन्याअखेरीस त्यांनी ओळखावे की पाठ कशाची आहे. दहापैकी नऊ गिटारी त्यांनी बरोबर ओळखल्या तर मी हा लेख मागे घेईन. तोवर दुकानात गेलेल्याने एवढे करावे: गिटार दुसऱ्याच्या हातात द्यावी, तिच्याकडे पाठ करून उभे राहावे, आणि पाठीमागे लावलेल्या चिठ्ठीवरचे लाकडाचे नाव सर्वांत शेवटी वाचावे.